लढाई कोण जिंकलं?

(युवक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

दाराशी ज्या बहिणी उभ्या आहेत त्यांना आधी बसायला जागा द्या. झालं? आता बोलू.

संयोजकांनी मला विषय दिलाय कोरेगावच्या लढाईचा. त्यांची अपेक्षा साधी असणार. मी उभं राहावं, 'पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार' म्हणावं, तुम्ही टाळ्या पिटाव्यात, मग चहा घेऊन सगळ्यांनी घरी जावं. टाळ्या कुणाला नको असतात? पण एका १ जानेवारीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. तो आज तुमच्यापुढं टाकतो.

स्तंभाला मानवंदना देऊन आम्ही टेम्पोनं परत येत होतो. वस्तीतली पंधरा-वीस माणसं. त्यात इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा, सबंध दिवस गप्प. मी विचारलं, काय रे, काय झालं? म्हणाला, "दादा, होस्टेलवर वाद झाला. एक म्हणतो, ती लढाई तुम्ही जिंकलीच नव्हती, बरोबरीत सुटली. दुसरा म्हणतो, जिंकले ते इंग्रज, तुम्ही भाडोत्री. तिसरा म्हणतो, तुम्ही गद्दार. मला एकालाही उत्तर देता आलं नाही. दादा, नक्की जिंकलं कोण?"

टेम्पोतले पाच-सहा जण एकदम त्याच्यावर तुटून पडले. "एवढा उंच स्तंभ बघून आलास ना? हरलेल्यांचा स्तंभ बांधतात का कुणी?" पोरगा अजूनच गप्प झाला. आमची म्हातारी कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "जिंकले आसतील तर चांगलंच हाय. पण मला येवढं सांगा, लढून घरला आले तवा गावच्या इहिरीवर पाणी भरू दिलं का त्यास्नी?"

कुणाला उत्तर सुचलं नाही. ड्रायव्हरनं गाणं लावलं.

म्हातारीला अक्षरओळख नाही. पण लढायांवरची जेवढी पुस्तकं मी वाचली, त्यातल्या एकाही लेखकानं हा प्रश्न विचारलेला नाही. तिच्या प्रश्नापर्यंत आज आपल्याला जायचंय. वाटेत आपल्याच काही घोषणा तपासाव्या लागतील. राग आला तर भाषण संपल्यावर भांडा, मी इथंच आहे.

आधी त्या दिवशी काय घडलं ते बघू.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला. पुण्यातल्या इंग्रजी फौजेला कुमक पोचवायची होती. त्याच्याबरोबर मुंबईच्या पहिल्या नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे पाचशे शिपाई, अडीच-तीनशे घोडेस्वार, दोन तोफा, आणि त्या तोफांवर मद्रास तोफखान्याचे चोवीस गोरे गोलंदाज. रात्रभर पायपीट करून सकाळी ही माणसं भीमेकाठी पोचली, तर समोर खुद्द बाजीराव पेशव्याचा तळ. वीस हजार घोडा आणि आठ हजार पायदळ. स्टॉन्टननं कोरेगावात शिरून घरांचा आडोसा धरला. पेशव्याकडून अरब, गोसावी आणि मराठे यांच्या तुकड्या गावात घुसल्या. दिवसभर गल्लीबोळांत, भिंतीआड, घराघरांत कापाकापी झाली. रात्रभर चाललेल्या, पोटात काही नसलेल्या त्या शिपायांची नदीवर जायची वाट तोडली गेली. भीमा हाकेच्या अंतरावर, आणि प्यायला पाणी नाही. रात्री नऊच्या सुमाराला पेशव्याची माणसं गाव सोडून मागं हटली. जनरल स्मिथची फौज जवळ येतेय अशी धास्ती होती. कंपनीकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५. पेशव्याकडचे पाच-सहाशे मेले वा जखमी झाले अशी इंग्रजांची मोजदाद.

आता लावा निकाल.

लढाईचा निकाल लावायच्या रीती ठरलेल्या असतात. पहिली रीत म्हणजे मैदान. संध्याकाळी मैदान ज्याच्या ताब्यात तो जिंकला. १ तारखेच्या रात्री गाव कंपनीकडं होतं, मान्य. पण दुसऱ्याच रात्री स्टॉन्टन आपले जखमी घेऊन शिरूरला परत गेला. मग मैदान कुणाचं? मेलेल्यांचं.

दुसरी रीत म्हणजे हेतू. जे करायला आला होतास ते जमलं का? स्टॉन्टनला पुणं गाठायचं होतं, गाठता आलं नाही. पेशव्याला दारात आलेली एवढीशी पलटण चिरडायची होती, चिरडता आली नाही. तो दक्षिणेकडं निघून गेला. या हिशेबात दोघेही नापास.

तिसरी रीत म्हणजे परिणाम. त्या लढाईनं पुढं काय बदललं? आपण म्हणतो, कोरेगावनं पेशवाई बुडवली. मित्रांनो, तारखा बघा. खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबर १८१७ ला. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं १७ नोव्हेंबरला. म्हणजे कोरेगावच्या आधी सहा आठवडे पुणं गेलेलं होतं. कोरेगावनंतर फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडला, आणि ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. कोरेगाव हा त्या लांबलेल्या पाडावातला एक दिवस. अतिशय शूर दिवस, पण एक दिवस. युद्ध कंपनीनं जिंकलं, यात वाद नाही. ते एकट्या कोरेगावात जिंकलं, असं मात्र म्हणता येत नाही.

आकड्यांचंही तसंच. अठ्ठावीस हजार ही पेशव्याची सगळी फौज. ती सगळी काही गावात शिरली नव्हती. शिरल्या त्या तुकड्या. आणि पाचशेचे पाचशे शिपाई महार होते, हेही खरं नाही. स्तंभावर मेलेल्यांची ४९ नावं आहेत. त्यातली २२ नावं 'नाक' लागलेली, म्हणजे आपल्या बापजाद्यांची. बाकीच्यांत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, यहुदी आहेत. ४९ मध्ये २२. ज्या माणसाची सावलीसुद्धा चालत नव्हती, तो मरणाऱ्यांच्या यादीत जवळजवळ निम्मा आहे. हा आकडा काय कमी आहे? याला फुगवायची गरज आहे? आपण पाचशे म्हणालो की समोरचा ती एक चूक पकडतो आणि तिच्या आडून २२ सुद्धा पुसून टाकतो. होस्टेलवर त्या पोराचं तेच झालं. खोट्या आकड्यावर उभं राहिलं की खऱ्या आकड्यासाठीसुद्धा भांडता येत नाही.

आता चौथी रीत. ती लष्करी पुस्तकात नसते, पण सगळ्यात जोरकस तीच. दगड. ज्याच्या हातात राज्य, तो दगड उभा करतो आणि दगडावर निकाल कोरतो. २६ मार्च १८२१ ला कंपनीनं कोरेगावच्या स्तंभाचा पाया घातला. इंग्रजीत आणि मराठीत मजकूर कोरला. जी पलटण दुसऱ्या रात्री माघारी गेली होती तिच्या त्या दिवसाला इंग्रजी फौजेचा मोठा अभिमानाचा विजय असं नाव मिळालं. कंपनीला अशा दगडाची गरज होती. नवीन राज्य होतं, नवे शिपाई भरती करायचे होते. आमच्यासाठी मराल तर तुमचं नाव दगडावर जाईल, ही जाहिरात होती ती.

त्याच १८२१ साली त्याच कंपनी सरकारनं पुण्यात आणखी एक गोष्ट उभी केली. विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पैसा कुठला? पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या दक्षिणेचा. विद्यार्थी कोण? ब्राह्मण. आता शेजारी-शेजारी ठेवून बघा. जिंकणाऱ्याच्या बाजूनं मेलेल्या शिपायाला दगड. ज्यांचं राज्य बुडालं त्यांच्या पोरांना शाळा.

आणि खुद्द हरलेला बाजीराव? त्याला कानपूरजवळ बिठूरला नेऊन ठेवलं, वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन देऊन. १८५१ साली मेला तोपर्यंत. बत्तीस वर्षांच्या वर. गुणाकार तुम्हीच करा, अडीच कोटींच्या पुढं जातो. आणि जिंकलेल्या शिपायाचं काय? १८९० नंतर इंग्रजांच्या डोक्यात 'लढाऊ जाती'चं खूळ शिरलं आणि १८९२-९३ च्या सुमाराला महारांची भरती बंद झाली. आमचा शिपाई लढाऊ जातीत बसेना! कोरेगावचा स्तंभ जागेवरच होता. त्याच्यावरची २२ नावं जागेवरच होती. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, भरती सुरू करा म्हणून. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. जिंकलेल्या पलटणीच्या नातवंडांना, आम्ही लढू शकतो हो, असं अर्ज करून सांगावं लागलं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडली. कायमची महार रेजिमेंट आली ती १९४१ ला, पुन्हा युद्ध पेटल्यावर.

हरला त्याला आठ लाख. जिंकला त्याला अर्ज.

असं फक्त आपल्याच वाट्याला आलं असं समजू नका. आपल्या पँथरनं ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या काळ्या माणसांचा इतिहास उघडा. हैतीत गुलामांनी बंड केलं, नेपोलियनच्या फौजेला समुद्रात ढकललं आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र केला. तारीख ऐकलीत ना? १ जानेवारीच. यापेक्षा स्वच्छ विजय जगाच्या इतिहासात शोधून सापडणार नाही. पण १८२५ साली फ्रान्सच्या राजानं युद्धनौका पाठवून सांगितलं, आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं, १५ कोटी फ्रँक भरा, मग तुमचं स्वातंत्र्य मान्य करू. पुढं १८३८ ला ते ९ कोटींवर आणलं. काल जो गुलाम होता त्यानं स्वतःच्या सुटकेची किंमत कालच्या मालकाला भरायची! त्यापायी काढलेली कर्जं फिटायला १९४७ उजाडलं. मैदानात हैती जिंकली, खतावणीत हरली.

अमेरिकेत उलट झालं. गुलामगिरी टिकवायला उठलेली दक्षिणेकडची राज्यं १८६५ ला मैदानात सपशेल हरली. गुलामगिरी गेली. पण १८७७ ला उत्तरेनं तिथलं सैन्य काढून घेतलं आणि हरलेल्यांनी हळूहळू सगळं परत मिळवलं. काळ्यांचं मत काढून घेतलं, डबे वेगळे केले, नळ वेगळे केले. नळसुद्धा, मित्रांनो! आणि वर पुतळे उभारले. रिचमंड शहरात हरलेल्या जनरल लीचा भलामोठा घोड्यावरचा पुतळा १८९० ला उभा राहिला. टेम्पोतले आपले भाऊ म्हणत होते, हरलेल्यांचा स्तंभ बांधतात का? बांधतात. हरलेल्यांच्या हातात सत्ता परत आली की बांधतात. तो पुतळा उतरवायला २०२१ साल यावं लागलं. १३१ वर्षं.

तेव्हा दगड बघून निकाल लावू नका. कोरेगावच्या दगडालाही हा नियम लागू.

आता गद्दारीचं बघू, कारण त्या शब्दाची धार अजून गेलेली नाही. २०१८ साली, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १ जानेवारीला कोरेगावात हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा निकाल लावताना आज माणूस मरतो. म्हणून हे नीट बोललं पाहिजे.

गद्दार कुणाचा? ज्याचं काही देणं लागतो त्याचा. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यानं गळ्यात मडकं अडकवायचं, थुंकी त्यात. कमरेला झाडू बांधायचा, पावलं पुसायला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहून ठेवलंय. ज्या राज्याला तुमचं पाऊल जमिनीवर उमटलेलं चालत नाही, ते राज्य तुमचं कसं? आणि आपली माणसं पेशव्यांच्या बाजूनं लढलीच नाहीत असंही नाही. १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली, मराठे निजामाविरुद्ध जिंकले. त्या फौजेत शिदनाक महार होता. त्याचा तंबू इतर सरदारांच्या तंबूंजवळ पडला म्हणून छावणीत कुरकुर झाली, अशी गोष्ट सांगतात. तलवार चालते, तंबू चालत नाही. या बाजूनं जिंकलो तरी तेच, त्या बाजूनं जिंकलो तरी फार वेगळं नाही.

पण 'फार वेगळं नाही' म्हणताना एक गोष्ट विसरायची नाही, नाहीतर मीही लबाडी केली असं होईल. कंपनीच्या पलटणीनं आपल्या माणसाच्या हातात बंदूक दिली आणि पाटीही दिली. पलटणीत शाळा होत्या. शिपायाची पोरं तिथं शिकली. वलंगकर पलटणीतून निवृत्त झाले आणि लिहायला लागले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत शिकवायचे. इंग्रजांनी ते प्रेमापोटी केलं नाही, त्यांना हुकूम वाचता येणारा शिपाई हवा होता. पण हुकूम वाचायला शिकलेला माणूस दुसरं काहीही वाचू शकतो, हा हिशेब साहेबाच्या ध्यानात आला नाही. कोरेगावची खरी कमाई शोधायची असेल तर या पाटीपर्यंत या.

आता म्हातारीच्या प्रश्नाकडं. घरी आल्यावर पाणी मिळालं का?

नाही मिळालं. कोरेगावात दिवसभर भीमेच्या काठावर तहानलेला राहून लढलेला शिपाई पेन्शन घेऊन गावी परतला, तेव्हा गावचा पाणवठा त्याला बंदच होता. पेशवाई गेली तरी विहिरीवर बंदी तीच. १८१८ ला राज्य बदललं, पाणवठा बदलला नाही. म्हणून मी म्हणतो, आपली लढाई त्या दिवशी संपली नव्हती. तिचा निकाल लागायचा होता.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. हे आपण दरवर्षी सांगतो. पण त्यानंतर अडीच महिन्यांनी ते कुठं गेले, हे त्याच दमात सांगत नाही. २० मार्च १९२७. महाड. चवदार तळं. त्या गर्दीत पलटणीतून पेन्शनीत निघालेली माणसं होती. नदीकाठी तहानलेल्या राहिलेल्या शिपायांची वारस असलेली माणसं तळ्याच्या पायऱ्या उतरली आणि पाणी प्याली.

आता महाडच्या त्या दिवसाचा निकाल पहिल्या रीतीनं लावून बघा. संध्याकाळी मैदान कुणाचं? देवळात शिरणार अशी हूल उठवून सवर्णांनी आपल्या माणसांना लाठ्याकाठ्यांनी झोडपलं. नंतर १०८ घागरी पाणी काढून, शेण-गोमूत्राचे मंत्र म्हणून तळं 'शुद्ध' करून घेतलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहाला गेलो तर कोर्टाचा मनाईहुकूम आडवा आला. डोकी आपली फुटली, तळं त्यांच्या ताब्यात. मैदानाच्या हिशेबानं आपण हरलो. स्तंभही कुणी बांधला नाही तेव्हा. आणि दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ ला, मुंबई हायकोर्टानं निकाल दिला: तळं सार्वजनिक, पाण्यावर यांचाही हक्क.

कोरेगावात जिंकलो आणि पाणी मिळालं नाही. महाडला मार खाल्ला आणि पाण्याचा हक्क मिळाला. आता सांगा, मोठी लढाई कोणती? कोण जिंकलं हे ठरवायला यापुढं माझी मोजपट्टी म्हातारीचीच. युद्ध संपल्यावर सगळ्यात खालच्या माणसाला काल जे करता येत नव्हतं ते आज करता येतं का? येत असेल तर तो जिंकला, मग संध्याकाळी मैदान कुणाचंही असो. येत नसेल तर दुसऱ्याच्या विजयात त्याचं फक्त रक्त वापरलं गेलं.

त्या पोराला मी नंतर भेटलो. त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. होस्टेलवर कुणी म्हणालं बरोबरीत सुटली, तर म्हण, मैदानात सुटली असेल. कुणी म्हणालं इंग्रज जिंकले, तर म्हण, हो, १८१८ चं युद्ध इंग्रजच जिंकले. कुणी म्हणालं गद्दार, तर त्याला विचार, तुझ्या गावात आमच्या लोकांना कुठल्या विहिरीवर पाणी भरू देत होते, आणि आज स्मशान एक आहे की दोन? तो उत्तर शोधेपर्यंत तू शांतपणे तुझा डबा खा.

आणि आपण १ जानेवारीला जायचं की नाही? जायचं. मी जाणार, म्हातारीला घेऊन जाणार. २२ नावांपुढं मान लववायची ती त्यांना साहेबानं शाबासकी दिली म्हणून नव्हे. माणूस म्हणून कुणी मोजत नसताना ती माणसं दिवसभर बिनपाण्याची उभी राहिली, म्हणून. पण नुसतं फुल वाहून परत यायचं नाही. त्या गर्दीतल्या दहा माणसांना तरी विचारायचं: तुमच्या गावात पाणी, रस्ता, स्मशान, जमीन यांचं काय? वहीत लिहून घ्यायचं, गावाच्या नावासकट. परत आल्यावर त्या वहीतल्या एका तरी गावात जायचं. लढाईचा जो निकाल लागायचा राहिलाय तो त्या वहीत आहे.

पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या. कोण कुठल्या गावात जाणार ते तिथंच ठरवू.

जयभीम.